खेळ का अडखळतो?

पडद्यावरील शर्यतीत गाडी वळणाला लागलेली असते. खेळणाऱ्याचे बोट अगदी योग्य वेळी बटणावर पडते. पण नेमक्या त्याच क्षणी चित्र थिजते आणि ते पुन्हा हलू लागते तेव्हा गाडी कठड्याला धडकलेली असते. काही सेकंदांनी पुन्हा तसेच घडते. अशा वेळी सारा दोष संगणकाच्या कुवतीवर टाकला जातो. 'यंत्र जुने झाले', 'ग्राफिक्स कार्ड पुरे पडत नाही', असे निदान घरातल्या घरात होते आणि पुष्कळदा हजारो रुपये खर्चून नवे कार्ड आणले जाते. ते बसविल्यावरही खेळ पूर्वीसारखाच अडखळू लागला, की मग मात्र सारेच चक्रावून जातात.

अशा काही प्रसंगी दोषाचे मूळ चित्र रंगविणाऱ्या भागात नसतेच. ते असते खेळणाऱ्याच्या हातातील नियंत्रकात, किंवा संगणकाला जोडून ठेवलेल्या, पण त्या खेळासाठी कधीच हातात न घेतलेल्या एखाद्या दुसऱ्या उपकरणात. दोन नियंत्रकांचा, अथवा एकाच नियंत्रकाच्या दोन रूपांचा परस्परांशी झगडा सुरू असतो आणि त्याची किंमत चित्राला मोजावी लागते. हा झगडा कसा उद्भवतो, तो ओळखावा कसा आणि नवा खर्च न करता मिटवावा कसा, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

नियंत्रकाचा जन्म

खेळ आणि संगणक यांची गाठ पडली त्याच वेळी नियंत्रकाची गरजही निर्माण झाली. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा दोन अंतराळयानांच्या द्वंद्वाचा खेळ सिद्ध केला. प्रारंभी हा खेळ संगणकाच्या दर्शनी फलकावरील चाचणीच्या खटक्यांनी खेळला जाई. हे खटके पडद्याच्या एका बाजूस असल्यामुळे दोघांपैकी एका खेळाडूला पडदा नीट दिसे, दुसऱ्याला अवघडून बसावे लागे. ही अडचण दूर करण्यासाठी ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हातात धरता येतील अशा स्वतंत्र पेट्या तयार केल्या. आज ज्यास सर्वत्र 'कंट्रोलर' म्हणतात त्या उपकरणाचा हा एक आद्य अवतार होय.

कंट्रोलरचे बाह्य रूप पुढे फार पालटले. विमानातील दांड्यासारखी जॉयस्टिक आली, मोटारीच्या चाकासारखे चाक आले, दोन्ही तळहातांत मावणारे व अंगठ्यांनी हलवावयाच्या दोन छोट्या दांड्यांचे पॅड आले. परंतु या सर्वांचे काम एकच आहे : हाताची हालचाल अंकांत रूपांतरित करून ती संगणकाला कळविणे. आता प्रश्न असा, की हे अंक संगणकापर्यंत पोहोचतात कसे? संघर्षाची सारी बीजे या प्रश्नाच्या उत्तरात दडलेली आहेत.

सोळा मिलिसेकंदांचा संसार

त्यापूर्वी चित्राचा हिशेब समजून घेणे इष्ट ठरेल. चित्रपटाप्रमाणेच संगणकावरील खेळातही हालचाल हा एक आभासच असतो. एकामागून एक स्थिर चित्रे झपाट्याने दाखविली जातात. अशा प्रत्येक चित्राला 'फ्रेम' म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवावयाच्या झाल्या, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. एवढ्या अवधीत खेळाच्या प्रोग्रॅमला खेळणाऱ्याची आज्ञा वाचावी लागते, गाडी किंवा पात्र कोठे सरकले ते ठरवावे लागते, टकरींचा हिशेब करावा लागतो आणि शेवटी ग्राफिक्स कार्डाकडून नवे चित्र रंगवून घ्यावे लागते.

पुष्कळ खेळांत ही कामे एकाच मुख्य रांगेत होतात. रांगेच्या तोंडाशी असलेले आज्ञा वाचण्याचे काम रखडले, की मागची सर्व कामे खोळंबतात. ग्राफिक्स कार्ड कितीही वेगवान असो, त्याला काय रंगवावयाचे हेच वेळेवर कळले नाही तर ते हात बांधून बसून राहते. स्वयंपाकी तरबेज आहे, चूलही धडधडून पेटली आहे, परंतु बाजारातून भाजीच आली नाही, तर पंगत बसणार कशी? येथेही नेमके तसेच घडते.

याबाबतीत सरासरीचा आकडा फसवा ठरतो. समजा, एका सेकंदात ५४ फ्रेम प्रत्येकी १६.७ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एका फ्रेमला मात्र १०० मिलिसेकंद लागले. त्या सेकंदाची सरासरी ५५ फ्रेम भरते. कागदावर ती उत्तमच दिसते. डोळ्यांना मात्र ती एक थिजलेली फ्रेम लगेच खुपते. म्हणून अडखळण्याचे निदान करताना सेकंदाला किती फ्रेम होतात यापेक्षा प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागतो, याचा आलेख पाहावा. त्यात मधूनमधून उभे सुळके दिसत असतील, तर दोष कुवतीचा नसून कोठल्या तरी अडथळ्याचा आहे, अशी शंका घ्यावयास जागा आहे.

वाट पाहण्याची जुनी गोष्ट

हा अडथळा काही आजचा नाही. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासाठी खेळांच्या नियंत्रणाचे एक वेगळे कार्डही काढले. पंधरा पिनांच्या जोडणीचे हे कार्ड 'गेम पोर्ट' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याची रचना स्वस्त आणि चतुर होती. जॉयस्टिकच्या दांड्याला बदलता विद्युत्‌रोध जोडलेला असे. दांडा हलला की हा रोध शून्यापासून सुमारे एक लाख ओहमपर्यंत बदले. रोध जितका जास्त तितका कार्डावरील विद्युत्‌धारित्र भरावयास वेळ जास्त. प्रोसेसरने 'सुरू' अशी खूण करावयाची आणि मग धारित्र भरेपर्यंत पुनःपुन्हा विचारत राहावयाचे : झाले का? झाले का? किती वेळा विचारावे लागले यावरून दांड्याची जागा कळे.

या विचारण्यात सुमारे २४ मायक्रोसेकंदांपासून १.१ मिलिसेकंदांपर्यंतचा काळ जाई. त्या संगणकातील प्रोसेसरची घड्याळगती ४.७७ मेगाहर्ट्‌झ होती. म्हणजे दांडा एका टोकाला असेल तेव्हा केवळ त्याची जागा जाणून घेण्यासाठी पाच हजारांहून अधिक ठोके निव्वळ प्रतीक्षेत खर्ची पडत. आणि जॉयस्टिक जोडलेलीच नसेल तर? तर विद्युत्‌मंडल अपूर्ण राही, धारित्र कधीच भरत नसे आणि 'झाले का?' या प्रश्नाला होकार कधीच मिळत नसे. शहाणा प्रोग्रॅमर काही वेळ थांबून नाद सोडून देण्याची व्यवस्था प्रोग्रॅममध्ये करून ठेवी. ज्याने ती केली नाही त्याचा खेळ तेथेच अडकून पडे. नसलेल्या उपकरणाची वाट पाहण्यात असलेल्या उपकरणाहून अधिक वेळ जातो, हा धडा येथे प्रथम मिळाला.

दुसरा धडा संघर्षाचा होता. १९८९ साली साउंड ब्लास्टर हे ध्वनिकार्ड आले. त्यावरही गेम पोर्टची सोय होती. गेम पोर्टचा संगणकातील पत्ता ठरलेला असे : षोडशमान पद्धतीने २०१. ज्या संगणकात आधीच गेम पोर्ट असलेले दुसरे कार्ड होते त्यात हे ध्वनिकार्ड बसविले, की एकाच पत्त्यावर दोन रहिवासी झाले. प्रोसेसरने प्रश्न विचारला की दोघेही एकदम उत्तर देऊ लागत आणि हाती येणारा अंक भलताच असे. जॉयस्टिक स्थिर असूनही पडद्यावरील विमान गिरक्या घेई. यावर उपाय साधा होता. कार्डावरील 'जंपर' नावाची चिमुकली खूणपट्टी काढून दोहोंपैकी एक पोर्ट बंद करावयाचा. जॉयस्टिकमध्ये काहीच बिघाड नसे. मात्र हे ज्याला ठाऊक नसे तो नवी जॉयस्टिक विकत आणी.

नवी जोडणी, नवी गुंतागुंत

१९९६ च्या जानेवारीत यूएसबी या जोडणीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले आणि गेम पोर्टचे दिवस भरले. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने तर त्याचा आधारच काढून घेतला. यूएसबीमुळे पत्त्यांची मारामारी संपली. प्रत्येक उपकरणाला जोडताक्षणी स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि एका यजमान नियंत्रणावर अशी १२७ पर्यंत उपकरणे नांदू शकतात. उपकरण आपली ओळखही स्वतःच करून देते : 'मी कीबोर्ड आहे', 'मी माऊस आहे', 'मी खेळाचा नियंत्रक आहे'.

तथापि, विचारण्याची मूळ रीत कायमच राहिली. यूएसबीवरील उपकरण आपणहून बोलत नाही. संगणक ठराविक अंतराने विचारील तेव्हाच ते उत्तर देते. कित्येक कंट्रोलरना सेकंदाला १२५ वेळा विचारले जाते, काहींना १,००० वेळा, तर खेळांसाठी बनविलेल्या काही अलीकडच्या माऊसांना ८,००० वेळा. ही विचारणा यूएसबीची यंत्रणा परस्पर करते. तिचा भार फारसा नसतो. भार पडतो तो आलेल्या प्रत्येक उत्तराची दखल घेताना. एखादा खेळ मुख्य रांगेतच प्रत्येक संदेश सोडवीत बसत असेल, तर माऊस हलविताच चित्र जड होते आणि माऊस स्थिर ठेवताच पुन्हा सुरळीत होते. ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ओळख सांगण्याच्या पद्धतीतही एक मेख आहे. एक वस्तू अनेक ओळखी सांगू शकते. साध्या दिसणाऱ्या कीबोर्डवर आवाज कमी-जास्त करण्याची चकती असली, तर तो कीबोर्ड संगणकाच्या यादीत दोन-तीन उपकरणांच्या रूपाने हजर होतो. काही उपकरणे आपली ओळख सांगताना गोंधळ करतात आणि कीबोर्ड किंवा माऊस असूनही नियंत्रकाच्या यादीत जाऊन बसतात. लिनक्स या व्यवस्थेत अशा चुकीने जॉयस्टिक ठरलेल्या उपकरणांच्या याद्या स्वयंसेवकांना ठेवाव्या लागल्या आहेत. पहिल्या नियंत्रकावर विश्वासून चालणारा खेळ अशा वेळी हातातील पॅड सोडून भलत्याच उपकरणाकडे आज्ञेच्या अपेक्षेने पाहत राहतो.

एका हाताच्या दोन सावल्या

विंडोज व्यवस्थेत कंट्रोलर वाचण्याचे दोन प्रमुख मार्ग रूढ आहेत. पहिला डायरेक्टइनपुट. तो १९९५ च्या सुमारास आला. त्यात चाक, जॉयस्टिक, पॅड अशा नाना तऱ्हांच्या उपकरणांना वाव आहे. पण त्यासाठी उपकरणांची यादी तपासावी लागते आणि ती तपासणी वेळखाऊ आहे. दुसरा मार्ग एक्सइनपुट. तो २००५ साली एक्सबॉक्स ३६० या यंत्राच्या कंट्रोलरबरोबर आला. तो सुटसुटीत आहे : चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक कंट्रोलर, आणि प्रत्येकाची बटणे ठरलेली.

अडचण अशी, की एक्सइनपुट जाणणारा कंट्रोलर डायरेक्टइनपुटच्या वाटेनेही दिसतो. दोन्ही वाटांवर लक्ष ठेवणाऱ्या खेळाने योग्य ती चाळणी लावली नाही, तर एकच पॅड त्याला दोनदा दिसते. एकदा बटण दाबले असता यादीतील खूण दोन घरे पुढे सरकते. शिवाय डायरेक्टइनपुटच्या वाटेने पाहिल्यास अशा पॅडचे डावे आणि उजवे ट्रिगर एकाच अक्षावर येतात. दोन्ही एकदम दाबले तर ते एकमेकांना रद्द करतात. वेग देणे आणि ब्रेक लावणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करू पाहणाऱ्या खेळाडूला गाडी ढिम्म का राहते, हे यावरून उमगेल.

रिकाम्या कप्प्याचा प्रश्नही जुन्या गेम पोर्टची आठवण करून देणारा आहे. एक्सइनपुटच्या चार कप्प्यांपैकी एकातच कंट्रोलर असेल, आणि खेळ मात्र दर फ्रेमला चारही कप्पे तपासत असेल, तर तीन रिकाम्या कप्प्यांवर वेळ वाया जातो. दर फ्रेमला रिकामे कप्पे चाचपू नयेत, नव्या कंट्रोलरची तपासणी काही सेकंदांच्या अंतराने करावी, अशी स्पष्ट सूचना मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमरांसाठी लिहून ठेवली आहे. १९८१ मधील पर्सनल कॉम्प्युटरचा धडा चोवीस वर्षांनी वेगळ्या शब्दांत पुन्हा द्यावा लागला, असे म्हणता येईल.

यात भर पडली ती दुभाषी प्रोग्रॅमांची. एका कंपनीचे पॅड दुसऱ्या कंपनीच्या पॅडसारखे भासावे, यासाठी हे प्रोग्रॅम मधे उभे राहतात. ते खरे पॅड वाचतात आणि संगणकात एक काल्पनिक पॅड उभे करून त्याच्या मुखाने तीच आज्ञा पुन्हा देतात. खेळविक्रीच्या स्टीमसारख्या दुकानप्रोग्रॅममध्ये ही सोय अंगभूत असते. शिवाय कित्येक जण त्याच कामासाठी आणखी एखादा प्रोग्रॅम पूर्वीच बसवून विसरलेले असतात. मग खरे पॅड, पहिल्या दुभाष्याचे काल्पनिक पॅड आणि दुसऱ्याचे काल्पनिक पॅड असे तीन 'खेळाडू' एकाच हातातून जन्म घेतात. प्रसंगी दुसरा दुभाषी पहिल्याच्याच बोलण्याचे भाषांतर करीत बसतो.

झगड्याचे तीन प्रकार

वरील विवेचनावरून, खेळाची गती बिघडविणाऱ्या झगड्यांचे तीन ढोबळ प्रकार करता येतात.

पहिला प्रकार शोधाचा. उपकरणांची संख्या किंवा स्थिती बदलली, की व्यवस्था सर्व प्रोग्रॅमांना तशी सूचना देते. काही खेळ ती मिळताच सारी यादी आरंभापासून तपासतात आणि ते संपेपर्यंत चित्र थांबते. एखाद्या कंट्रोलरची केबल सैल असेल, किंवा बिनतारी पॅडचा संबंध वारंवार तुटत असेल, तर अशा सूचनांची रीघ लागते. काही खेळ तर सूचनेची वाटही न पाहता ठराविक काळाने स्वतःच शोध घेतात. अडखळणे घड्याळाच्या काट्याप्रमाणे नियमित होत असेल, तर प्रथम या प्रकाराचा संशय घ्यावा.

दुसरा प्रकार दुहेरी आज्ञेचा. येथे एकाच हालचालीच्या दोन नोंदी होतात. खूण दुप्पट सरकते, दृष्टी दुप्पट वेगाने फिरते, दोन खेळाडूंच्या खेळात दुसरा खेळाडू आपोआप उगवतो.

तिसरा प्रकार अंमल कोणाचा, या वादाचा. पुष्कळ खेळ शेवटची आज्ञा कोठून आली ते पाहून पडद्यावरील सूचना बदलतात. कीबोर्डवरून आली तर कीबोर्डच्या कळांची नावे, पॅडवरून आली तर पॅडच्या बटणांची चिन्हे. पॅडची दांडी झिजली असेल तर ती मध्यावर स्थिर राहत नाही. हात न लावताही तिच्याकडून बारीकशी हालचाल कळविली जाते. खेळणारा माऊस वापरीत असतो आणि टेबलाच्या कोपऱ्यात पडलेले पॅड मधूनमधून आपले म्हणणे मांडीत असते. खेळ क्षणात एकाचा, क्षणात दुसऱ्याचा होतो. चिन्हे लुकलुकतात, माऊसची खूण नाहीशी होते, आणि प्रत्येक बदलाबरोबर चित्राला हिसका बसतो.

निदानाची रीत

निदानाचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते कागदावर टिपून ठेवावे. पाच उपाय एकदम केल्याने दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुन्हा उद्भवला तर पुन्हा अंधारच.

प्रारंभी दोष चित्राचा आहे की आज्ञेचा, हे ठरवावे. खेळातील चित्राची सूक्ष्मता आणि सजावट अगदी कमी करून पाहावी. असे केल्याने अडखळणे नाहीसे झाले, तर ग्राफिक्स कार्डावरील ताण हेच कारण असण्याचा संभव अधिक. चित्र साधे झाले, फ्रेमची संख्याही वाढली, पण हिसके मात्र पूर्वीच्याच जागी राहिले, तर कारण अन्यत्र शोधावयास हवे. स्मरणशक्तीची टंचाई, मंद डिस्क, तापलेला प्रोसेसर यांमुळेही हिसके बसतात. तेव्हा येथेच घाईने निष्कर्ष काढू नये.

यानंतरची कसोटी निर्णायक ठरू शकते. संगणक बंद करून एक साधा कीबोर्ड आणि एक साधा माऊस यांखेरीज सर्व उपकरणे काढावीत. चाक, पेडल, पॅड, बिनतारी पॅडचे रिसीव्हर, हेडफोन, जोडफळ्या, काहीही ठेवू नये. कंट्रोलरचे दुभाषी प्रोग्रॅमही बंद करावेत. ते संगणकाबरोबर आपोआप सुरू होत असतील, तर त्या यादीतून वगळावेत. मग तोच खेळ, त्याच ठिकाणी, तेवढाच वेळ खेळून पाहावा. हिसके गेले असतील, तर दोषी काढलेल्या वस्तूंमध्येच आहे. हिसके राहिले, तर कीबोर्ड आणि माऊस बदलून आणखी एकदा पाहावे. तरीही ते राहिले, तर कंट्रोलरना निर्दोष मानून इतरत्र वळावे.

दोषी काढलेल्या वस्तूंत आहे असे ठरले, की त्या सर्व एकेक करून तपासण्याऐवजी निम्म्या-निम्म्या तपासाव्यात. आठ वस्तू असतील तर प्रथम चार जोडाव्यात. हिसके आले तर दोषी त्या चारांत, नाही तर उरलेल्या चारांत. मग दोन, मग एक. अशा रीतीने तीन चाचण्यांत शोध संपतो. मात्र ही रीत दोषी एकटा असेल तेव्हाच लागू पडते. झगडा दोन उपकरणांमधील असेल आणि ती दोन वेगवेगळ्या गटांत पडली, तर दोन्ही गट स्वतंत्रपणे निर्दोष ठरतात. एकत्र जोडताच मात्र दोष प्रकटतो. येथे चाचणी चुकली असे समजू नये. उलट झगडा जोडीचा आहे, ही मोलाची माहिती त्यातून मिळते. अशा वेळी एक गट जोडलेला ठेवून दुसऱ्या गटातील वस्तू एकेक करून जोडाव्यात. जिच्या आगमनाने हिसके सुरू होतात ती जोडीतील एक. तिला तशीच ठेवून पहिल्या गटातील वस्तू एकेक करून काढाव्यात. जिच्या जाण्याने हिसके थांबतात ती दुसरी.

विंडोजमध्ये 'गेम कंट्रोलर्स' नावाची एक जुनी खिडकी आजही आहे. व्यवस्थेच्या दृष्टीने कोणकोणते नियंत्रक हजर आहेत, ते तीत दिसते. टेबलावर एकच पॅड असताना तेथे तीन नावे दिसली, तर पुढचे काही सांगावयास नको. पॅडला हात न लावता त्याची अक्षदर्शक खूण मध्यावर स्थिर राहते की थरथरते, हेही तेथेच पाहता येते.

उपाय

निदान अचूक झाले की उपाय बहुधा बिनखर्चाचा असतो.

एका पॅडची दोन-तीन रूपे दिसत असतील, तर एकच दुभाषी ठेवून बाकीचे बंद करावेत. खेळाला ते पॅड मुळातच वाचता येत असेल तर एकही ठेवू नये. दुभाष्याची गरज असेल, तर खरे पॅड खेळापासून लपविण्याची सोय वापरावी, म्हणजे खेळाला केवळ काल्पनिक पॅडच दिसते. स्टीमच्या बाबतीत ही निवड प्रत्येक खेळासाठी वेगळी करता येते. एका खेळासाठी दुभाषी बंद केल्याने इतर खेळांना बाध येत नाही.

भलतेच उपकरण नियंत्रक म्हणून हजर होत असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन त्याची तेवढीच नोंद निष्क्रिय करावी. येथे सावधगिरी हवी. एकाच वस्तूच्या अनेक नोंदी असल्यामुळे चुकून कीबोर्डचीच नोंद बंद होऊ शकते. म्हणून कोणती नोंद कोणत्या वस्तूची, हे ती वस्तू काढून-जोडून आधी पक्के करावे आणि नोंद पुसून टाकण्याऐवजी केवळ निष्क्रिय करावी. म्हणजे पाऊल मागे घेता येते.

संबंध वारंवार तुटत असेल, तर केबल बदलावी आणि पॅड जोडफळीऐवजी थेट संगणकाला जोडून पाहावे. बिनतारी पॅडच्या बाबतीत रिसीव्हरची जागाही महत्त्वाची ठरते. ब्ल्यूटूथ आणि पुष्कळ बिनतारी उपकरणे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करतात, आणि यूएसबी ३.० च्या जोडणीतून त्याच पट्ट्यात विद्युत्‌गोंगाट उत्पन्न होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात दाखवून दिले आहे. रिसीव्हर छोट्या वाढीव केबलने या जोडणीपासून थोडा दूर नेल्याने संबंध पुन्हा दृढ होऊ शकतो.

दांडी झिजली असेल, तर खेळात किंवा दुभाष्यात 'मृत क्षेत्र' वाढवावे. मध्याभोवतीच्या बारीक हालचालींकडे दुर्लक्ष करण्याची ती मर्यादा असते. फार वाढविल्यास मात्र हलक्या हाताच्या हालचालीही गिळल्या जातात. आणि माऊस हलताच खेळ जड होत असेल, तर माऊसची विचारणा ८,००० वरून १,००० किंवा ५०० वर आणावी. पुष्कळ माऊसांत ही सोय असते.

सर्वांत सोपा उपाय अखेरीस सांगावयाचा. जे पॅड वा जे चाक त्या खेळात वापरावयाचे नाही, ते काढून ठेवावे. वरवर पाहता ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु किती तरी अडखळणारे खेळ एवढ्याने सुरळीत झाले आहेत.

'काढून ठेवा' हे उत्तर पुरे नाही

तथापि, काढून ठेवणे प्रत्येकाला परवडते असे नाही. ज्यांच्या हातांत पुरेसे बळ नाही, किंवा ज्यांना एकाच हाताने खेळावे लागते, अशा व्यक्ती दोन-तीन नियंत्रक एकत्र करूनच एका खेळाडूचे काम करतात. एक बटण पायाखाली, एक दांडी हनुवटीजवळ, एक कळ कोपराशी. सप्टेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच हेतूने 'एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर' बाजारात आणला. त्याच्या मागील बाजूस ३.५ मिलिमीटरच्या १९ जोडण्या आहेत आणि दोन्ही बाजूंना मिळून दोन यूएसबी जोडण्या आहेत. बाहेरचे निरनिराळे खटके त्यांत जोडले, तरी खेळाला मात्र सर्व मिळून एकच कंट्रोलर दिसतो. अनेक उपकरणांचा एक आवाज व्हावा, हेच येथे साधले आहे.

परंतु खटके, दांड्या आणि पॅड वेगवेगळ्या वाटांनी संगणकाला जोडले गेले, आणि खेळाने त्यांना दोन स्वतंत्र खेळाडू मानले, तर अशा व्यक्तीपुढे केवळ हिसक्यांचा प्रश्न उरत नाही. तिला तो खेळ खेळताच येत नाही. तिला 'दुसरे उपकरण काढून टाका' असे सांगणे म्हणजे तिचा एक हात काढून टाकण्यास सांगणे होय. येथे दुभाषी प्रोग्रॅमच खरा मित्र ठरतो : तो सर्व उपकरणांच्या आज्ञा गोळा करून एका काल्पनिक पॅडच्या मुखाने खेळाला सांगतो. जो दुभाषी एका घरात झगड्याचे कारण असतो, तोच दुसऱ्या घरात समेट घडवितो. म्हणून कोणताही प्रोग्रॅम सरसकट वाईट ठरवून काढून टाकण्याऐवजी, या टेबलावर, या खेळात, या खेळाडूसाठी तो काय काम करीत आहे, हे पाहणेच योग्य.

यांतील काही गोष्टी खेळणाऱ्याच्या हाती आहेत आणि काही खेळ लिहिणाऱ्याच्या. रिकामे कप्पे वारंवार चाचपू नयेत, उपकरणांचा शोध मुख्य रांगेबाहेर घ्यावा, कोणता नियंत्रक वापरावयाचा हे खेळणाऱ्याला स्वतः निवडू द्यावे, एवढी पथ्ये पाळली गेली तर यांपैकी पुष्कळसे झगडे जन्मालाच येणार नाहीत. ती पाळली जात नाहीत तोवर निदानाचा भार खेळणाऱ्यावर राहतो. तो उचलताना यंत्राची भीती बाळगण्याचे कारण नाही. एक कागद, एक पेन्सिल, तासाभराचा धीर आणि एका वेळी एकच बदल करण्याची शिस्त एवढे साहित्य पुरे होते. नव्या कार्डासाठी दुकानाची वाट धरण्यापूर्वी टेबलाखाली वाकून काय काय जोडलेले आहे ते एकदा पाहावे. अडखळण्याचे कारण कदाचित तेथेच, धूळ खात पडलेले सापडेल.